छावणीतले धर्मगुरू : फादर विल्यम कॉर्बी



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला आहे. या काळात आपण पापनिवेदनाकडे वळतो, निदान वळावे अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा असते. म्हणून या रविवारी आम्ही तुम्हाला अशा एका धर्मगुरूची ओळख करून देणार आहोत, ज्यांनी रणांगणावर एका दगडावर उभे राहून शेकडो सैनिकांना पापक्षमा दिली. त्यांचे नाव फादर विल्यम कॉर्बी. ते संत म्हणून जाहीर झालेले नाहीत. पण अमेरिकेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि त्यांच्या जीवनातून आपल्यालाही घेण्यासारखे पुष्कळ आहे.

जन्म आणि पाचारण

विल्यम कॉर्बी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८३३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाला. वडील डॅनिएल आयर्लंडहून आलेले. जमीनजुमल्याच्या व्यवसायात त्यांनी चांगला जम बसवला होता आणि डेट्रॉइटमधील अनेक चर्चच्या उभारणीला त्यांनी हातभार लावला होता. सोळाव्या वर्षापर्यंत शाळा शिकून विल्यम वडिलांच्या धंद्यात उतरले. चार वर्षे त्यांनी तेथे काम केले. मुलाचा ओढा धंद्याकडे नाही, हे वडिलांनी ओळखले आणि १८५३ साली त्यांना इंडियाना राज्यातील नोत्र दाम येथे शिकायला पाठवले. आज जगप्रसिद्ध असलेले हे विद्यापीठ तेव्हा अवघे अकरा वर्षांचे होते. होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी ते १८४२ साली सुरू केले होते. विल्यम त्याच संघात दाखल झाले आणि १८६० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवायचे, अशीच त्यांची वाट दिसत होती. पण एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये देशातून फुटून निघाली आणि उत्तरेकडील राज्ये त्यांच्याविरुद्ध उभी राहिली.

परक्या देशातले आयरिश

या युद्धात आयर्लंडहून आलेले हजारो कॅथलिक सामील झाले. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत उतरल्यावरही त्यांच्या नशिबी सुख नव्हते. गोद्यांवरची हमाली, कालव्यांची आणि रेल्वेची खोदाई, मोठ्या घरातली धुणीभांडी हीच कामे त्यांना मिळत. त्यांच्या धर्माचाही तेथे पुष्कळांना तिटकारा होता. १८४४ साली फिलाडेल्फियात जमावाने कॅथलिक चर्च जाळली होती.

अशा लोकांची एक खास ब्रिगेड न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. तिचे सेनापती थॉमस फ्रान्सिस मार हे आयरिश क्रांतिकारक होते. ब्रिटिश सरकारने त्यांना १८४८ साली फाशीची शिक्षा सुनावली होती, ती बदलून त्यांना टास्मानियात पाठवले आणि तेथून निसटून ते अमेरिकेत आले होते. या आयरिश ब्रिगेडला धर्मगुरू हवे होते. फादर सोरिन यांच्या संस्थेत माणसांची आधीच टंचाई होती, तरी त्यांनी आपले धर्मगुरू पाठवले. होली क्रॉस संघाचे सात धर्मगुरू या युद्धात लष्करी धर्मगुरू म्हणून गेले आणि सुमारे ऐंशी सिस्टर्स जखमींच्या शुश्रूषेसाठी गेल्या. फादर कॉर्बी १८६१ च्या अखेरीस ८८ व्या न्यूयॉर्क पलटणीत दाखल झाले. त्यांचे वय अठ्ठावीस होते.

छावणीतील दिवस

आपण सिनेमात युद्ध पाहतो तेव्हा सगळा वेळ लढाईच चालू असते असे वाटते. खरे पाहता सैनिकाच्या आयुष्यातले लढाईचे दिवस मोजके असत. उरलेले सारे दिवस छावणीत किंवा वाटचालीत जात. ब्रिगेडचा पहिला हिवाळा व्हर्जिनियात अलेक्झांड्रिया गावाजवळच्या छावणीत गेला. तंबूंच्या ओळी, चिखल, थंडी, सकाळ-संध्याकाळ कवायत, पहारा, लाकडे फोडणे आणि पाणी भरणे, असा तो दिनक्रम होता. पुढच्या हिवाळ्यांत सैनिक झाडे तोडून ओंडक्यांच्या झोपड्या बांधत, वर तंबूचे कापड टाकत आणि मातीची धुराडी उभारत. मोहिमेवर असताना प्रत्येक जण अर्धा तंबू पाठीवर वाहून नेई आणि रात्री दोघे मिळून दोन अर्ध्यांचा एक तंबू उभा करीत.

जेवणात खारवलेले डुकराचे मांस, घेवड्याच्या बिया, कॉफी आणि हार्डटॅक नावाची दगडासारखी टणक बिस्किटे असत. ती कॉफीत भिजवल्याशिवाय दातांनी तुटत नसत. शत्रूच्या गोळीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे रोगराई. हगवण, विषमज्वर, हिवताप आणि गोवर यांनी छावण्या पोखरून काढल्या. या युद्धातील मृतांची संख्या पूर्वी सुमारे ६ लाख २० हजार धरली जात असे. जनगणनेवर आधारलेले अलीकडचे अभ्यास ती सात लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मानतात. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे रोगाने गेली.

फादर कॉर्बी याच छावणीत राहत, सैनिकांचेच अन्न खात आणि त्यांच्याबरोबर चालत. तंबूत मिस्सा होई. रात्री उशिरापर्यंत ते पापनिवेदन ऐकत बसत. आजाऱ्यांना रुग्णाभ्यंग देणे, मेलेल्यांना मूठमाती देणे आणि दारूच्या आहारी गेलेल्यांना समजावणे हे त्यांचे रोजचे काम होते. ब्रिगेडमधले त्यांचे सहकारी, होली क्रॉस संघाचेच फादर जेम्स डिलन, यांनी तर आपल्या पलटणीत दारूबंदीची संघटनाच काढली होती.

छावणीत आनंदाचेही प्रसंग असत. १७ मार्च १८६३ रोजी संत पॅट्रिकचा सण ब्रिगेडने थाटात साजरा केला. सकाळी मिस्सा झाली, मग घोड्यांच्या शर्यती झाल्या. मुख्य सेनापती जनरल हूकर स्वतः हजर होते. पण दुपारी दूरवर तोफांचा आवाज ऐकू आला आणि सणाचा मेळा मोडून सगळ्यांना आपापल्या जागी धावावे लागले. नदीच्या वरच्या अंगाला केलीज फोर्ड येथे लढाई जुंपली होती.

बातमीची वाट

छावणीतल्या माणसाला भाकरीइतकीच बातमीची भूक असते. न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे विकणारी पोरे थेट छावणीत येत. आपणच लढलेल्या लढाईचे वर्णन सैनिक चार-पाच दिवसांनी पेपरात वाचत आणि त्यातल्या चुका काढून हसत. बॉस्टनचे 'पायलट' हे कॅथलिक साप्ताहिक सैनिकांची पत्रे छापत असे. तिकडे घरी आईवडील आणि बायका पेपरातल्या मृतांच्या व जखमींच्या याद्यांवर बोट फिरवीत आपले नाव नसावे अशी प्रार्थना करीत. त्या काळी सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नसे. मोठा हल्ला ठरला की काही सैनिक कागदाच्या चिठोऱ्यावर आपले नाव आणि गाव लिहून कोटाला टाचून ठेवीत. आपण मेलो तर निदान घरी खरी बातमी जावी, एवढाच हेतू.

ब्रिगेडकडून येणाऱ्या बातम्या वाईटच होत्या. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. आयरिश ब्रिगेड पुढे सरकत असताना फादर कॉर्बी घोड्यावरून रांगेसमोरून दौडत गेले आणि त्यांनी सर्वांना पापक्षमा दिली. थोड्याच वेळात त्यांतले पाचशेहून अधिक जण मृत किंवा जखमी होऊन पडले. १३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्ग येथे सुमारे बाराशे जण टेकडीच्या पायथ्याच्या दगडी भिंतीवर चालून गेले. त्यांतले ५४५ पडले. भिंतीमागून गोळ्या झाडणाऱ्यांतही आयरिश होते. दक्षिणेच्या सैन्यातही कॅथलिक सैनिक होते आणि फादर जॉन बॅनन, फादर जेम्स शीरन यांच्यासारखे धर्मगुरूही होते. दोन्ही छावण्यांत तीच लॅटिन मिस्सा होत होती आणि तीच जपमाळ म्हटली जात होती. जानेवारी १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये ब्रिगेडच्या मृतांसाठी मिस्सा झाली, तेव्हा चर्चमध्ये विधवांची आणि अनाथ मुलांची काय अवस्था झाली असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

या युद्धाची बातमी आपल्या मुंबईतही वाट पाहून वाचली जात होती. त्याचे कारण मात्र वेगळे होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, त्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. आपल्याकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा पेटला. १८६५ साली तिकडे युद्ध संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी अनेक धनवान कफल्लक झाले. तिकडच्या आया ज्या बातमीसाठी देवाला साकडे घालत होत्या, त्याच बातमीची इकडे सटोडियांना धास्ती होती. बातमी वाचताना आपण नेमके कोणाचे भले इच्छितो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

२ जुलै १८६३

फादर कॉर्बी ज्यामुळे इतिहासात राहिले तो दिवस आता आला. पेनसिल्वेनियातील गेटिसबर्ग या छोट्या गावाजवळ १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस या युद्धातली सर्वात मोठी लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. आयरिश ब्रिगेडमध्ये आता जेमतेम ५३० माणसे उरली होती. कर्नल पॅट्रिक केली यांच्याकडे नेतृत्व होते. जूनभर पलटणी एकसारख्या चालत होत्या, त्यामुळे पापनिवेदनाला कोणालाच सवड मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आघाडीची फळी मोडली आणि ब्रिगेडला पुढे जाण्याचा हुकूम आला. मिनिटे थोडी होती. फादर कॉर्बी एका मोठ्या दगडावर चढले. आपल्या पापांबद्दल मनापासून पश्चात्ताप करा आणि संधी मिळताच रीतसर पापनिवेदन करण्याचा निश्चय करा, असे त्यांनी सैनिकांना सांगितले. त्यांनी गळ्यात स्टोल घातला आणि उजवा हात उंचावून लॅटिन भाषेत पापक्षमेचा मंत्र उच्चारला. सैनिक टोप्या काढून गुडघ्यावर आले होते. जवळच उभे असलेले जनरल हँकॉक यांनीही टोपी काढून मान झुकवली. कॅथलिक नसलेलेही अनेक जण गुडघे टेकून होते. भोवती तोफा धडधडत होत्या. मग ब्रिगेड उठली आणि गव्हाच्या शेताकडे निघाली. त्या संध्याकाळी तिची सुमारे दोनशे माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली.

ब्रिगेडमधले एक अधिकारी सेंट क्लेअर मल्होलंड यांनी या प्रसंगाचे वर्णन पुढे लिहून ठेवले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शत्रूला पाठ दाखवणाऱ्याला किंवा निशाण सोडून पळणाऱ्याला ख्रिस्ती दफन मिळत नाही, असेही फादरांनी त्या वेळी बजावले. हे वाचून आज आपले मन अडखळते. भेदरलेल्या अठरा वर्षांच्या पोराला कबर नाकारावी काय? क्षमेच्या शेजारी ही धमकी शोभत नाही, असे आम्हालाही वाटते. धर्मगुरूसुद्धा आपल्या काळाची आणि आपल्या पलटणीची भाषा बोलून जातो.

पण तीस वर्षांनी फादर कॉर्बी यांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या पापक्षमेचा अर्थ त्यांनी आपल्या शब्दांत स्पष्ट केला. ती क्षमा केवळ आपल्या ब्रिगेडसाठी नव्हती, तर उत्तरेचे असोत वा दक्षिणेचे, त्या क्षणी देवासमोर उभे राहण्याच्या बेतात असलेल्या सर्वांसाठी होती, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय आहे. बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. समोरच्या झाडीत बंदुका रोखून बसलेले सैनिक त्यांच्याच माणसांना ठार करणार होते. त्यांनाही त्यांनी आपल्या आशीर्वादातून वगळले नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की, साधन आणि मूळ कारण यांत फरक असतो. धर्मगुरू हा साधन आहे आणि क्षमेचे मूळ देव आहे. साधन एका बाजूच्या छावणीत उभे होते, पण देव कोणत्याच छावणीचा नव्हता. फादर कॉर्बी यांना हे कळले होते.

दहा दिवसांनंतरची बातमी

गेटिसबर्गनंतर दीड आठवड्यातच न्यूयॉर्कहून लाजिरवाणी बातमी आली. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला होता आणि ३०० डॉलर भरणाऱ्याला त्यातून सुटता येत होते. गरीब कामगार चिडले. १३ ते १६ जुलैच्या दरम्यान शहरात दंगल उसळली. दंगलखोरांत आयरिश मोठ्या संख्येने होते. गुलामांच्या मुक्तीसाठी आम्ही का मरावे, असे म्हणत त्यांनी आपला राग निरपराध कृष्णवर्णीयांवर काढला. कित्येकांना भर रस्त्यात ठार केले. कृष्णवर्णीय अनाथ मुलांचे वसतिगृह जाळले. आतली दोनशेहून अधिक मुले कशीबशी वाचली. दंगलीत शंभराहून अधिक लोक मेले. वृद्ध आणि आजारी आर्चबिशप जॉन ह्यूज यांनी आपल्या घराच्या सज्जातून लोकांना शांत राहण्याची विनवणी केली.

ज्यांनी स्वतः दुष्काळ आणि अपमान सोसला, त्यांनीच आपल्याहून दुबळ्यांवर हात उगारला. सोसलेले दुःख माणसाला आपोआप दयाळू बनवत नाही. त्यासाठी देवाची कृपा आणि आपली तयारी, दोन्ही लागतात.

अध्यक्षांची भेट आणि पुढील जीवन

१८६४ च्या वसंतात फाशीची शिक्षा झालेल्या एका सैनिकासाठी फादर कॉर्बी वॉशिंग्टनला गेले आणि थेट अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना भेटले. सेनापती जनरल मीड यांची संमती असेल तर माफी देऊ, असे लिंकन यांनी सांगितले. जनरल मीड यांनी संमती दिली नाही. फादर रिकाम्या हाताने त्या सैनिकाकडे परतले आणि त्याला शेवटच्या क्षणासाठी तयार केले. जीव वाचवता आला नाही, तरी त्याला एकटे मरू दिले नाही.

सप्टेंबर १८६४ मध्ये ते सैन्यातून नोत्र दामला परतले. कर्नल केली जूनमध्येच पीटर्सबर्गच्या लढाईत पडले होते. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले, तो झावळ्यांचा रविवार होता. त्याच आठवड्यात, गुड फ्रायडेच्या रात्री, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

पुढे फादर कॉर्बी दोन वेळा नोत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या कारकिर्दीत, २३ एप्रिल १८७९ रोजी, विद्यापीठाची मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. खचून न जाता त्यांनी विद्यार्थ्यांना सप्टेंबरमध्ये परत येण्यास सांगितले आणि सप्टेंबरपर्यंत नवी इमारत खरोखर उभी राहिली. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १८९३ साली प्रसिद्ध झाले. २८ डिसेंबर १८९७ रोजी, निष्पाप बालकांच्या सणादिवशी, ते देवाघरी गेले. त्यांच्या शवपेटीला युद्धातल्या वृद्ध सैनिकांनी खांदा दिला.

१९१० साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्यांचा पुतळा उभारला गेला. ज्या दगडावरून त्यांनी पापक्षमा दिली असे मानतात, त्याच दगडावर तो उभा आहे. तशीच एक प्रतिकृती १९११ साली नोत्र दाममध्ये बसवण्यात आली. फुटबॉलवेड्या विद्यार्थ्यांना तो उंचावलेला हात चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या इशाऱ्यासारखा वाटतो, म्हणून त्यांनी पुतळ्याला 'फेअर कॅच कॉर्बी' असे लाडके नाव ठेवले आहे. फादरांना ते नक्की आवडले असते.

आपल्यासाठी

फादर कॉर्बी यांनी दिली ती सामुदायिक पापक्षमा. ख्रिस्तसभेच्या कायद्यात ती आजही आहे, पण फक्त मरणाचा धोका समोर असताना किंवा तशाच गंभीर गरजेच्या प्रसंगी. २०२० साली कोरोनाच्या साथीत रोमने या तरतुदीची पुन्हा आठवण करून दिली होती. पण अशा क्षमेलाही अट आहेच. वाचलेल्याने पुढे संधी मिळताच एकट्याने येऊन पापनिवेदन करायचे असते. त्या सैनिकांना मोजकी मिनिटे मिळाली. आपल्याला चाळीस दिवस मिळाले आहेत आणि तरीही आपण टाळतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. आपल्या धर्मग्रामात तोफा नाहीत, पण छावण्या आहेत. बांधाच्या वादावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. निवडणुकीत विरुद्ध बाजूला उभे राहिलेले लोक मिस्सेला एका बाकावर बसत नाहीत. शांतीचे चिन्ह देताना काहींची मान मुद्दाम दुसरीकडे वळते. त्या घरातली वाईट बातमी आली की या घरात कोणाला तरी बरे वाटते. फादर कॉर्बी यांनी हात उंचावला तेव्हा त्यांच्या मनात समोरची छावणीही होती. आपण प्रार्थनेत हात जोडतो तेव्हा भिंतीपलीकडचे घर आपल्या मनात असते का?

येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पापनिवेदन ऐकण्यासाठी चर्चमध्ये बसणार आहोत. बाहेरगावचे धर्मगुरूही मदतीला येतील. ज्यांना कित्येक वर्षांत येणे जमले नाही, त्यांनी संकोच करू नये, कोणी रागावणार नाही. आणि शक्य असेल तर येण्यापूर्वी त्या एका माणसाच्या दारात जाऊन यावे, ज्याच्याशी आपण बोलणे टाकले आहे.

प्रभू येशूची शांती तुम्हा सर्वांबरोबर असो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू